ट्रेल ओरिएंटीअरिंगच्या राष्ट्रीय लीगसाठी आमच्या मागण्या

प्रति,
केंद्रीय युवक कल्याण व क्रीडा मंत्रालय, नवी दिल्ली;
क्रीडा व युवक सेवा आयुक्तालय आणि दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य;
ओरिएंटीअरिंगचे राष्ट्रीय पातळीवरचे कामकाज पाहणारी संघटना व तिच्या राज्य शाखा.

विषय : ट्रेल ओरिएंटीअरिंगची वर्षागणिक राष्ट्रीय लीग सुरू करणे आणि ती नियमाने चालवणे.

महोदय,

आम्ही नकाशा वाचून खेळणारी माणसे आहोत. आमच्यातले काही व्हीलचेअरवर असतात, काही कुबड्या किंवा कॅलिपरच्या आधाराने चालतात, काहींचे गुडघे वयाने थकले आहेत आणि काही अगदी धडधाकट, डोंगर पळत चढणारे आहेत. या सगळ्यांना एकाच सकाळी, एकाच कोर्सवर, कुणालाही सवलतीचे गुण न देता एकमेकांविरुद्ध खेळता येते असा खेळ म्हणजे ट्रेल ओरिएंटीअरिंग. खेळाडू त्याला ‘ट्रेल-ओ’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय ओरिएंटीअरिंग महासंघाच्या चार अधिकृत प्रकारांपैकी तो एक. पायी, सायकलवर आणि स्कीवर खेळायच्या तीन प्रकारांत नकाशाइतकाच शरीराच्या ताकदीचा कस लागतो. हा चौथा प्रकार नकाशा, नजर आणि विचार यांच्यावर खेळला जातो. त्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २००४ साली स्वीडनमधल्या व्हेस्टेरोस इथे पहिल्यांदा झाली, आणि पुढच्याच वर्षी ती आशियात, जपानच्या आइची प्रांतात भरली.

आमच्या वाट्याला हा खेळ येतो तो एखाद्या रविवारी, बहुधा दिव्यांग दिनाच्या आसपास. झेंड्या लागतात, फोटो निघतात, सहभागाचे प्रमाणपत्र मिळते, पाहुणे ‘प्रेरणादायी’ असे दोन शब्द बोलतात, आणि पुढच्या डिसेंबरपर्यंत सगळे शांत. वर्षातून एकदा खेळून कुणी खेळाडू होत नाही. म्हणून आमची मूळ मागणी आधीच सांगतो : ठरलेल्या तारखांची, ठरलेल्या नियमांची, वर्षाच्या शेवटी गुणतक्ता लागणारी राष्ट्रीय लीग आम्हाला हवी आहे. पुढे जे मांडले आहे ते सगळे या एका मागणीतून निघाले आहे.

हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येकाने हा खेळ पाहिला असेलच असे नाही, म्हणून तो थोडक्यात सांगणे भाग आहे. ठरवून दिलेल्या वाटेने खेळाडू जातो; वाट सोडायची नसते. वाटेवर निर्णयबिंदू असतात. तिथे थांबून समोरच्या रानात लावलेल्या नारिंगी-पांढऱ्या झेंड्यांकडे पाहायचे. समजा, समोरच्या उतारावर पाच झेंड्या आहेत आणि डावीकडून उजवीकडे त्यांना अ, ब, क, ड, इ अशी नावे दिली आहेत. नकाशावरच्या वर्तुळाचा मध्य एका धोंड्यावर पडतो आणि सोबतच्या वर्णनात लिहिले आहे : दोनपैकी उत्तरेचा धोंडा, पूर्वेची बाजू. आता समोर धोंडे चार दिसतात. नकाशात दोनच आहेत, कारण बाकीचे दोन नकाशावर घेण्याइतके मोठे नाहीत. मग होकायंत्र लावायचे, सोंड कुठे उतरते आणि घळ कुठून सुरू होते हे समोच्च रेषांवरून ताडायचे, मागे दहा पावले जाऊन दुसऱ्या कोनातून पाहायचे. एखादी झेंडी धोंड्याला चिकटून आहे की त्याच्या मागे चार मीटरवर आहे, हे त्या कोनातूनच कळते. आणि पाचही झेंड्या चुकीच्या जागी असतील तर उत्तर ‘शून्य’ हेही असू शकते. या प्रकाराला ‘प्री-ओ’ म्हणतात. एकूण वेळेची मर्यादा असते, पण त्या मर्यादेत कोण आधी पोचला याला किंमत नसते. दुसरा प्रकार ‘टेम्प-ओ’. त्यात खेळाडूला खुर्चीत बसवून एकामागून एक नकाशे दिले जातात, घड्याळ चालू असते आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे ३० सेकंदांचा दंड पडतो.

चालणारा आणि खुर्चीवरचा खेळाडू यांची ही बरोबरी आपोआप होत नाही. नकाशा ढोबळ असेल, झेंडी बसलेल्या माणसाला दिसत नसेल, वाटेवर एकच पायरी असेल, तर ती तिथेच मोडते. आणि मोडते ती नेहमी एकाच बाजूच्या खेळाडूसाठी. म्हणून खालच्या मागण्यांपैकी बऱ्याच मागण्या बारीकसारीक वाटतील. त्या तशाच वाचल्या जाव्यात अशी विनंती आहे.

पहिली मागणी वेळापत्रकाची. हंगामात सहा फेऱ्या असाव्यात, त्यांतल्या सर्वोत्तम चार फेऱ्यांचे गुण धरावेत आणि सहाही तारखा ३० जूनपूर्वी जाहीर व्हाव्यात. सहापैकी चार धरण्यामागे कारण आहे. मज्जारज्जूला इजा झालेल्या खेळाडूला बसून बसून झालेली एक जखम महिना-दीड महिना अंथरुणाला खिळवते. ज्याच्या सोबत भाऊ किंवा बायको येते, त्याची फेरी त्यांच्या रजेवर अवलंबून असते. सगळ्या फेऱ्या सक्तीच्या केल्या तर लीग शेवटी ज्यांना काहीच अडचण येत नाही त्यांचीच होईल. तारखा लवकर हव्यात याचेही कारण व्यवहाराचे आहे. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते. त्या दिवशी आपली आणि मदतनीसाची जागा सोबत मिळाली नाही तर प्रवासच रद्द करावा लागतो. तीन आठवडे आधी पत्र पाठवून ‘आपण अवश्य यावे’ म्हणणाऱ्या स्पर्धा आम्हाला नको आहेत.

फेऱ्या नोव्हेंबर ते फेब्रुवारी याच काळात घ्याव्यात. मज्जारज्जूची इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल तर त्याखालच्या शरीराला घाम नीट येत नाही. उन्हात अंग तापत जाते आणि ते वेळेवर कळतही नाही. मार्चनंतरचा दुपारचा कोर्स अशा खेळाडूच्या जिवाशी खेळ ठरतो. सकाळी लवकर सुरुवात, दुपारी बारापूर्वी शेवटचा खेळाडू आत आणि निर्णयबिंदूंजवळ सावली, हे नियमपुस्तकात लिहिलेले असावे, आयोजकाच्या मर्जीवर सोडू नये. आणि कोर्स आखणाऱ्यांबद्दल एक गोष्ट : जो खेळाडू एखादी फेरी आखतो त्याला त्या फेरीत खेळता येत नाही. त्याला त्याच्या इतर फेऱ्यांच्या सरासरीइतके गुण द्यावेत. ओरिएंटीअरिंगच्या लीगमध्ये असे करतात, आणि ते केले नाही तर चांगले खेळाडू कोर्स आखायला पुढे येणार नाहीत. या खेळात चांगला आखणारा हा चांगल्या खेळाडूतूनच तयार होतो.

गुण कसे द्यायचे यावर आमच्यात बराच वाद झाला. निष्कर्ष मांडतो. एका फेरीत १५ कंट्रोल, म्हणजे झेंड्यांचे प्रश्न, असतील, दुसरीत २०. त्यामुळे कच्चे गुण जोडता येत नाहीत. क्रमांकावर गुण द्यावेत असा एक मार्ग आहे, पण प्री-ओमध्ये एकाच उत्तराच्या फरकाने दहा माणसे पुढे-मागे होतात आणि एका चुकीसाठी दहा जागांची शिक्षा होते. म्हणून विजेत्याला १०० आणि बाकीच्यांना त्याच्या प्रमाणात गुण द्यावेत. विजेत्याची २० उत्तरे बरोबर असतील तर १९ वाल्याला ९५. टेम्प-ओमध्ये हाच हिशेब सेकंदांवर उलटा करावा. प्री-ओमध्ये बरोबरी सोडवायला काही वेळबंद कंट्रोल असतात. त्यांचे सेकंद त्या दिवसाची पदके ठरवायला वापरावेत. लीगच्या गुणांत ते मिसळू नयेत. ज्याचा हात थरथरतो किंवा ज्याची जीभ जड आहे त्याला बरोबर उत्तर कळूनही ते सांगायला दोन-चार सेकंद जास्त लागतात. एका सकाळच्या पदकासाठी हे सोसता येईल. वर्षभराच्या तक्त्यात ते साचत जाता कामा नये. टेम्प-ओच्या प्रत्येक केंद्रावर अक्षरांची पाटी असावी आणि बोलून किंवा बोट दाखवून, खेळाडूला जमेल तसे उत्तर घ्यावे.

गुणतक्ता सर्वांचा एकच असावा. त्यातूनच पॅरा गटाची क्रमवारी वेगळी काढावी, पण पॅरा गटाला छोटा किंवा सोपा कोर्स देऊ नये. दया म्हणून सोपा केलेला कोर्स आमच्या लगेच लक्षात येतो. नवशिक्यांसाठी मात्र वेगळा कोर्स हवा, ज्यात ‘शून्य’ हे उत्तर नसेल आणि झेंड्या तीनच असतील; तो सगळ्या नवशिक्यांसाठी, चालणाऱ्यांसाठीही. स्त्री-पुरुष आणि वय यांवरून गट पाडण्याची या खेळाला गरज नाही, तसे ते पाडू नयेत.

पॅरा गटात कोण, याचे उत्तर आपल्याकडे पटकन ‘४० टक्क्यांचे प्रमाणपत्र’ असे दिले जाते. ते इथे पुरेसे नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत, आणि त्या प्रत्येकाचा या खेळाशी संबंध सारखा नाही. कर्णबधिर खेळाडू पायी ओरिएंटीअरिंगमध्ये कुणालाही हरवू शकतो. त्याला पॅरा गटात घालणे त्याच्यावरही अन्याय आणि व्हीलचेअरवरच्यावरही. कसोटी एकच असावी : कायमस्वरूपी अडचणीमुळे ही व्यक्ती पायी ओरिएंटीअरिंगमध्ये बरोबरीने उतरू शकत नाही का? दिव्यांगांचे यूडीआयडी कार्ड ओळखीसाठी घ्यावे आणि ही कसोटी एका डॉक्टरने व एका अनुभवी खेळाडूने मिळून लावावी. दरवर्षी नव्याने कागद मागू नयेत. कापलेला पाय पुढच्या वर्षी परत उगवत नाही.

इथेच आणखी एक सांगायला हवे. हा खेळ डोळ्यांवर चालतो. पूर्ण अंध खेळाडूला तो आजच्या स्वरूपात खेळता येत नाही आणि अल्पदृष्टी असलेल्यांना फार अवघड जातो. म्हणून जाहिरातीत ‘सर्व दिव्यांगांसाठी’ असे लिहू नये. अंध शाळांच्या बस आणून मुलांना उन्हात बसवून ठेवण्याने लीगची उपस्थिती वाढेल, पण त्या मुलांच्या वाट्याला काय येईल?

आता नकाशा. या खेळाचे मैदान म्हणजे नकाशाच आहे आणि आपल्याकडे सगळ्यात मोठी अडचण तीच आहे. सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे डोंगरभटक्यांच्या कामाचे आहेत; ट्रेल-ओला साधारण १:४,००० किंवा १:५,००० प्रमाणाचा, एकेक धोंडा, झाड आणि ओघळ दाखवणारा नकाशा लागतो. पूर्वी असा तपशीलवार नकाशा करायचा म्हटले की परवानग्यांचा डोंगर उभा राहायचा. १५ फेब्रुवारी २०२१ च्या भूस्थानिक मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांना नकाशे करण्याची मोकळीक दिली. आता अडते ते पैशांवर आणि माणसांवर. आमची मागणी अशी : लीगच्या प्रत्येक ठिकाणाचा नकाशा प्रशिक्षित व्यक्तीने जागेवर फिरून केलेला असावा, सर्वेक्षण विभागाने त्यासाठी उंचीची माहिती विनामूल्य द्यावी, आणि दरवर्षी एक नकाशाकार प्रशिक्षण शिबिर व्हावे. ‘ओपन ओरिएंटीअरिंग मॅपर’ नावाची मोफत संगणकप्रणाली त्यासाठी उपलब्ध आहे. जागेवरची मोजणी चालणाऱ्याने करावी आणि संगणकावरचे रेखाटन व्हीलचेअरवरच्याने, अशा जोड्या लावता येतात. कोर्स आखताना अशा जोडीचा फार फायदा होतो, कारण दोघांना दोन उंचींवरून जमीन माहीत असते.

नकाशाची तपासणी फेरीच्या आधीच्या महिन्यात पुन्हा व्हायलाच हवी. युरोपातल्या पाइनच्या रानात नकाशा काही वर्षे टिकतो. आपल्याकडे एका पावसाळ्यात घाणेरी आणि गाजरगवत माजते, जूनमध्ये दिसणारा धोंडा ऑक्टोबरमध्ये गवतात बुडतो, ओघळ आपली जागा बदलते. झाडांचेही तसेच. एका वडाच्या पारंब्या जमिनीत रुजून त्याची पाच खोडे दिसतात. त्यांतले ‘झाड’ कोणते आणि ‘झाडाची पश्चिमेची बाजू’ म्हणजे कुठली, याचे उत्तर परदेशी नियमपुस्तकात सापडत नाही. आपल्या जमिनीसाठी वड, बांध, विहिरीचे काठ, खाणीचे कडे, तुटक्या तटबंद्या या गोष्टी कशा दाखवायच्या याची भारतीय टिपणी राष्ट्रीय संघटनेने तयार करून घ्यावी. आंतरराष्ट्रीय चिन्हे बदलायची नाहीत, फक्त ती इथे कशी लावायची हे एकदा ठरवायचे.

जागांची निवड करताना बागांपाशी थांबू नये. बेंगळुरूचे कब्बन पार्क, चंदीगडची लेझर व्हॅली, पणजीचे कांपाल उद्यान अशा ठिकाणी टेम्प-ओ उत्तम होईल : वाटा चांगल्या, वाहन जवळ लागते. पण सपाट हिरवळीवर समोच्च रेषांचा कस लागत नाही, आणि प्री-ओचा खरा रस तिथेच आहे. पुण्याच्या वेताळ टेकडीवर एआरएआय या संस्थेच्या बाजूने वाहनाने वर पोचता येते. वर मोकळे रान आहे, खाण आहे, आणि वाटेवरून उतार दूरवर दिसतो. अशा जागा प्रत्येक राज्यात आहेत. त्या शोधण्यासाठी वनविभागाचे सहकार्य लागेल. खेळाडू वाट सोडत नाहीत, झाडोऱ्यात शिरत नाहीत, आवाज करत नाहीत (नियमानेच शांतता पाळायची असते) आणि लावलेल्या झेंड्या त्याच दिवशी काढल्या जातात. रानाला इतका कमी त्रास देणारा मैदानी खेळ दुसरा सापडणे कठीण आहे. तरीही परवानगीचा अर्ज दर वेळी नव्या साहेबांपासून सुरू होतो. वनविभागाने लीगच्या ठिकाणांना एकत्रित, तीन वर्षांची परवानगी द्यावी.

वाटेबद्दल आमची मागणी सोपी आहे आणि तिच्यावर आम्ही कुठेही माघार घेणार नाही. प्रत्येक फेरीच्या दोन आठवडे आधी वाटेचा तपशील छापून मिळावा : लांबी, सगळ्यात अरुंद जागेची रुंदी, सगळ्यात मोठा चढ आणि तो किती मीटर आहे, पृष्ठभाग कसा, आडवा उतार कुठे. इमारतीच्या रॅम्पसाठी आपल्याकडे १:१२ चे प्रमाण ठरलेले आहे. टेकडीवरच्या वाटेला ते लावता येणार नाही हे आम्ही जाणतो. पण आकडे आधी हातात असले तर खेळाडू स्वतः ठरवू शकतो की आपली खुर्ची न्यायची की मजबूत टायरची, आणि ढकलायला एक माणूस पुरेल की दोन. आडव्या उताराचा उल्लेख मुद्दाम केला आहे. चढापेक्षा तो वाईट. खुर्ची सतत एका बाजूला ओढत राहते, त्या बाजूच्या हाताने चाक धरून ठेवावे लागते, आणि मग नकाशा धरायला हात कुठून आणायचा?

बऱ्याच बागांच्या दारात दुचाकी आत येऊ नये म्हणून खांब रोवलेले असतात किंवा फिरते फाटक बसवलेले असते. दुचाकी कशीतरी आत जाते, व्हीलचेअर अडते. बाजूचे मोठे फाटक असते, पण त्याची किल्ली ज्या माणसाकडे असते तो रविवारी येत नाही. शौचालयाचेही तेच. दारावर व्हीलचेअरचे चित्र असते, आत झाडू, बादल्या आणि मोडक्या खुर्च्या रचलेल्या असतात. एका स्पर्धेत आमच्या एका खेळाडू भगिनीने अशा बंद दारामुळे सकाळपासून पाणीच प्यायचे नाही असे ठरवले, आणि शेवटचे चार कंट्रोल सोडून ती परत गेली. निकालपत्रात तिच्या नावापुढे चार चुका लागल्या. म्हणून : वापरता येणारे, उघडे, पाणी असलेले शौचालय नसेल तर त्या ठिकाणी लीगची फेरी घेऊ नये. तपासणी आदल्या दिवशी व्हावी आणि ती व्हीलचेअरवरच्या खेळाडूनेच करावी.

पंचांविषयी. कोर्स आखणारा एक आणि तो तपासणारा दुसरा, हे दोघे वेगवेगळ्या जिल्ह्यांतले असावेत. तपासणाऱ्याने प्रत्येक निर्णयबिंदू खुर्चीत बसून तपासावा. उभ्या माणसाची नजर आणि बसलेल्याची नजर यांत हातभर फरक असतो, आणि तेवढ्या फरकात गवताची एक पात झेंडी गिळून टाकते. ज्या कंट्रोलचे उत्तर वादाचे ठरेल तो सर्वांसाठी रद्द व्हावा, कुणा एकाला गुण देऊन मिटवू नये. उत्तरांचा नकाशा, म्हणजे प्रत्येक झेंडी खरोखर कुठे होती हे दाखवणारा कागद, त्याच दुपारी सर्वांना मिळावा. आपण कुठे फसलो हे त्या कागदाशिवाय कळत नाही. आणि पुढच्या फेरीचा सराव त्यातूनच सुरू होतो. तक्रार ऐकणाऱ्या तिघांमध्ये एक पॅरा गटातला खेळाडू असावाच.

मदतनीस हा या खेळातला मोलाचा माणूस आहे. तो खुर्ची ढकलू शकतो, खेळाडू सांगेल तसा नकाशा धरू शकतो, सांगितलेले उत्तर कार्डावर टोचू शकतो. उत्तर सुचवू शकत नाही, डोळ्यांनीसुद्धा. हा नियम पाळला जाण्यासाठी मदतनीसांना आदल्या दिवशी तासभर शिकवावे लागते. राष्ट्रीय सेवा योजना आणि एनसीसीचे विद्यार्थी हे काम चांगले करतील. स्त्री खेळाडूंसाठी स्त्री मदतनीस मिळावी. मदतनीसाचा प्रवास, राहणे आणि जेवण यांचा खर्च लीगच्या अंदाजपत्रकात खेळाडूइतकाच धरावा. रेल्वेची सोबत्याची सवलत आहे, पण ती सर्वांना लागू होत नाही, आणि स्टेशनपासून मैदानापर्यंतच्या गाडीचे भाडे अनेकदा रेल्वेच्या तिकिटापेक्षा जास्त होते. नावनोंदणीचे शुल्क माफ करून हा प्रश्न सुटत नाही.

पैशांचा प्रश्न येतोच, तर त्याची गाठ कुठे आहे तेही सांगतो. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सामाजिक दायित्व निधी ज्या खेळांच्या प्रशिक्षणासाठी देता येतो ते लिहिले आहेत : ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यता असलेले खेळ, पॅरालिम्पिक खेळ आणि ऑलिम्पिक खेळ. ट्रेल-ओ पॅरालिम्पिकमध्ये नाही. त्यामुळे देणगी द्यायला तयार असलेली कंपनीसुद्धा तिच्या हिशेबनिसाशी बोलल्यावर मागे फिरते. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीत पहिल्या खेलो इंडिया पॅरा स्पर्धा झाल्या. त्यांत सात खेळ होते आणि ते योग्यच होते, पण पदकाची शक्यता हा एकमेव निकष धरला तर ट्रेल-ओसारखा खेळ कधीच दारातून आत येणार नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे कलम ३० पदकांपुरते थांबत नाही. ते क्रीडाप्रकारांत परिणामकारक सहभागाची आणि त्यासाठी सोयी नव्याने घडवण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. मंत्रालयाने ट्रेल ओरिएंटीअरिंगला स्वतंत्र मान्यता द्यावी आणि पहिल्या तीन हंगामांचा खर्च उचलावा.

महाराष्ट्रात आणखी एक दार उघडे आहे. इथल्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांग कल्याणासाठी ५ टक्के निधी राखून ठेवायचा असतो. निर्वाहासाठी जे पैसे थेट हातात पडतात त्यांना हात लावू नये, ते आधीच अपुरे आहेत. पण त्या निधीतून बागेची एक वाट नीट केली, फाटक रुंद केले, एक नकाशा करून घेतला, तर तो खर्च लीगच्या दोन तासांनंतरही उपयोगी पडतो. व्हीलचेअरवरचे आजोबा रोज त्याच वाटेने फिरायला येतील. दिव्यांग कल्याण विभागाने अशा खर्चाला स्पष्ट मान्यता देणारे परिपत्रक काढावे.

नोकरीतल्या क्रीडा आरक्षणाची मागणी आम्ही आज करत नाही. आमच्यातल्या काहींना हे पटलेले नाही, आणि त्यांची अडचण खरी आहे. पण लीग रुजण्याआधी प्रमाणपत्राला नोकरी जोडली तर पहिल्याच वर्षी खोट्या पॅरा गटाचे आणि कागदी स्पर्धांचे पेव फुटेल. आधी तीन हंगाम खेळ होऊ द्या, निकाल सर्वांसमोर राहू द्या. मग ही मागणी आम्ही हक्काने करू.

सुरुवात कुठून करायची? ओरिएंटीअरिंग आपल्याकडे मोठ्या प्रमाणात लष्कराने जोपासले. नकाशा आणि होकायंत्र हे सैनिकाच्या शिक्षणाचा भागच आहेत. आणि जखमी झालेल्या सैनिकांसाठीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आपल्या पुण्यातल्याच खडकीत आहे. १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. नकाशावर हुकूमत असलेला सैनिक व्हीलचेअरवर आला म्हणून ती हुकूमत जात नाही. लीगची पहिली फेरी पुण्यात व्हावी, तिच्या आखणीत खडकीच्या सैनिकांना बोलवावे, आणि लष्कराच्या नकाशा-प्रशिक्षकांनी मदत करावी. दुसरी फेरी गोव्यात व्हावी. पणजीत जानेवारी २०२३ मध्ये दिव्यांगांचा पर्पल फेस्ट पहिल्यांदा भरला तेव्हापासून तिथल्या यंत्रणेला रॅम्प, सांकेतिक भाषा, वाहने यांचा सराव झाला आहे. उरलेल्या चार फेऱ्यांसाठी बेंगळुरू, चंदीगड, नागपूर आणि ईशान्येतले एक शहर आम्ही सुचवतो. ईशान्येचा आग्रह यासाठी, की तिथून येणाऱ्या खेळाडूला दर वेळी अख्खा देश ओलांडावा लागू नये.

लीगचे कामकाज पाहायला सात जणांची समिती असावी. त्यांत निदान चार पॅरा गटातले खेळाडू असावेत, दोघी तरी स्त्रिया असाव्यात, आणि समितीचा सचिव पगारी असावा. स्वयंसेवकांच्या भरवशावर पहिली फेरी होते. सहावी होत नाही.

या मागण्यांवर चर्चेसाठी ३१ मार्चपूर्वी बैठक बोलवावी, म्हणजे जूनमध्ये तारखा जाहीर करता येतील. बैठकीची खोली तळमजल्यावर असावी किंवा लिफ्ट चालू असल्याची खात्री आदल्या दिवशी कळवावी. आम्ही झेंड्या, नकाशे आणि दोन रिकाम्या व्हीलचेअर घेऊन येऊ. कार्यालयाच्या आवारात पाच कंट्रोलचा कोर्स तासाभरात लागतो. निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी तो खुर्चीत बसून एकदा खेळावा आणि मगच उत्तर द्यावे, अशी आमची विनंती आहे.

आपले,
आमच्या खेळाडू-संघटनेचे सर्व सभासद